आहे की नाही, एवढंच

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाइल खाली ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या दुकानाचा कॉम्प्युटर बघायला यायचा ना, ज्याला आम्ही मास्तर म्हणायचो, त्याच्यावर गुदरलेली आहे.

मास्तर एका दवाखान्याचंही काम बघायचा. पेशंटच्या मनगटाला नंबराची पट्टी अडकवतात, कापल्याशिवाय निघत नाही अशी. तो नंबर टाकला की, या माणसाला एखादं औषध बाधतं अशी नोंद आहे का, ते पडद्यावर यायचं. पण रडतखडत. मास्तरने मशीनला लाखो नोंदी शेवटपर्यंत मोजून मगच बोलायला शिकवलं होतं.

मी त्याची टर उडवायचो. "अरे, गिऱ्हाइकानं खिळे आहेत का विचारलं, तर मी पोतं ओतून मोजत बसतो का? एक दिसला की 'आहे' म्हणून मोकळा!"

"करतो काका, पुढच्या आठवड्यात नक्की."

त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या बहिणीला त्या दवाखान्यात नेलं. नंबर टाकला. पडद्यावर चाक फिरत राहिलं. नर्सने वाट पाहिली, पाहिली, आणि सुई दिली. 'आहे' असं उत्तर उमटलं तेव्हा पोरगी गेलेली होती.

महिन्याने, मंगळवारी, रात्री पावणेबाराला, नोंदणीची खिडकी बंद असताना मास्तर एकटाच ते बदलायला बसला. आता पहिली नोंद सापडली की थांबायचं. किती आहेत, कसल्या आहेत, बघायचं नाही. आहे की नाही, एवढंच.

तपासायला नंबर हवा. बोटांनी तिचाच टाकला. तिच्या सगळ्या नोंदी तर ती गेल्यावर केव्हाच काढून टाकल्या होत्या.

आहे.

पापणी लवायच्या आत.

मास्तरने मोजायला लावलं. शून्य. नोंद उघड म्हणाला. कोरा पडदा.

पुन्हा विचारलं.

आहे.

तो पडद्याकडे वाकला. "छोटे... तू...?"

हे तो नुसतं बोलला होता. बोटं मांडीवर होती.

आहे.

मागची खुर्ची सरकली. त्याने वळून पाहिलं नाही.

"माझ्यामुळे उशीर झाला गं... रागावलीस का?"

पडदा तसाच. बराच वेळ...

मग विझला.

दिवा लावला, तर कीबोर्डवर तिच्या नंबराची पट्टी. तिला शेवटचं नेलं तेव्हाही ती तिच्या मनगटातच राहिली होती. कुणी काढलीच नव्हती.

मास्तर ती माझ्याकडे ठेवून गेला. त्याला घरात ठेववेना. थांबा, गल्ल्यातच आहे... ही. घ्या हातात. फिरवून बघा चारी बाजूंनी.

सापडतंय कुठे कापलेलं?