बंद न होणारी पिकअप

"पुढची खिडकी माझी!"

"वा रे वा! पाहुण्यानं मागं बसायचं असतं!"

"अरे, गाडी अजून घ्यायचीय! आधी घेऊ तर द्या," म्हणत नंदाबाई जीपमधून उतरली आणि तिच्यामागून सगळी फौज हसनाबादच्या फाट्यावर उतरली.

फौज म्हणजे कोण? नंदाबाईची मीना, जालन्याहून सुट्टीला आलेला मीनाचा मामेभाऊ सोमेश्वर आणि शेजारची अफ्रीन. शिवाय सोमेश्वरचे बाबा, म्हणजे मीनाचा भारतमामा. "गाडीतलं आपल्याला बराबर कळतं," हे मामाने वाटेत इतक्यांदा सांगितलं, की शेवटी जीपवाल्यानं गाणी मोठ्यानं लावली!

नंदाबाईला जुनी पिकअप घ्यायची होती. वाडीतल्या बायकांची हिरवी मिरची पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात ती स्वतः गाडी चालवून पोचवणार होती. लायसन्स काढलं तेव्हा कितीतरी लोक गालातल्या गालात हसले होते. तोडलेली मिरची उन्हात थोडीच थांबते? कोमेजली की भाव पडला! गाडी पहिल्याच खेपेला अडली असती, तर पुन्हा कुणी नंदाबाईकडे पोतं दिलं नसतं. मीनाला हे चांगलं ठाऊक होतं.

भुजंग नावाच्या माणसाच्या दारात पिकअप उभी होती. धुऊन चकचकीत केलेली, आरशाला झेंडूची माळ, समोर फुटलेला नारळ. आणि इंजिन धडधड चालू!

"या, या! तुमच्यासाठीच तयार ठेवली," भुजंग म्हणाला.

मामाने टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला आणि मान डोलावली. झाली तपासणी! मग नंदाबाईने गाडी गावाबाहेर एक चक्कर फिरवून आणली. गाडी मस्तच चालली. परत आल्यावर चहा आला. तरी इंजिन धडधडतच होतं.

"काका, बंद करू का? डिझेल जळतंय उगाच," सोमेश्वर म्हणाला.

"न्हाई न्हाई! हात लावू नको!" भुजंग केवढ्यानं ओरडला! मग लगेच गोड हसला. "तसं न्हाई बाळा, गाडीपुढं नारळ फुटला ना, की नव्या मालकाच्या दारात जाईस्तोवर ती बंद करायची न्हाई. आमच्याकडं पद्धतच हाय."

देवाधर्माचं म्हटल्यावर कोण काय बोलणार? नंदाबाईने हात जोडले. मामा म्हणाला, "बिलकुल! पद्धत ती पद्धत."

"हे काहीतरीच," मीना दोघांच्या कानात कुजबुजली. "आमच्या ट्रॅक्टरपुढं पण नारळ फोडला होता. तो तर लगेच बंद केला होता!"

तिघं हळूच गाडीच्या मागे गेली. सगळी गाडी आरशासारखी लख्ख, पण मागच्या फाळक्यावर मातीचे पंजेच पंजे! खाली धुळीत पावलंही होती. टाचा दिसत नव्हत्या, बोटं मात्र खोल रुतलेली.

अफ्रीनने आपला हात एका पंजावर ठेवून पाहिला. "मी सांगू? अब्बूची रिक्षा बंद पडली ना, की आम्ही सगळे अशेच हात लावून ढकलतो. पाय पण अशेच रुततात. ह्यांनी गाडी धक्का मारून चालू केलीय!"

"म्हणून बंद करत नाहीत!" सोमेश्वर जवळजवळ किंचाळलाच. अफ्रीनने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मीना धावत मामाकडे गेली. "मामा, मागं पंजे..."

"मोठ्यांच्या व्यवहारात मधी मधी करू नये, बाळ," मामा म्हणाला. नंदाबाई तर पिशवीतून पैसे काढू लागली होती!

मीनाने झटपट विचार केला. आता काय? पद्धत म्हटल्यावर मोठी माणसं गप्प बसली ना? मग आपणही पद्धतच काढू!

"आई!" ती मोठ्याने म्हणाली. "चावी ताटात ठेवून ओवाळल्याशिवाय आपण गाडी घेतो का गं?"

"अगं बाई, खरंच की!" नंदाबाईचा हात थांबला.

"घरी गेल्यावर ओवाळा ना ताई," भुजंग घाईघाईनं म्हणाला.

"देणाऱ्यानंच ताटात ठेवायची असते ना पण?" सोमेश्वरने निरागस चेहरा केला. तो चेहरा त्याला फारच छान जमतो.

तेवढ्यात भुजंगची म्हातारी आई, केशरबाई, हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. "बराबर बोलून राह्यली लेकरं! काढ चावी, भुजंग."

"अगं माय, आपली पद्धत..."

"कसली पद्धत? एवढे केस पांढरे झाले, म्या तर न्हाई ऐकली! काढ म्हणते ना!"

आईपुढे भुजंगचं काय चालणार? त्याने चावी फिरवून काढली. धडधड थांबली आणि अंगणात एकदम शांतता पसरली. केशरबाईने चावीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि ती नंदाबाईच्या हातात दिली. "कर पोरी चालू."

टक्. पुन्हा टक्. गाडी ढिम्म!

"सकाळी पोरांना घेऊन ढकलून राह्यला होतास, ते ह्याच्यासाठी?" केशरबाई कडाडली. "मला वाटलं, सावलीत घेतोस!"

भुजंगची मान खाली गेली. "स्टार्टर गेलाय. खर्चा वाचवावा म्हणलं..."

"मंग तसं सांगायचं!" नंदाबाईने चावी परत त्याच्यापुढे धरली. "दुरुस्त करता आला असता की. पण माझी मिरची वाटेत अडली असती, तर लोकांनी मला पुन्हा विचारलं असतं का?" तिने पैसे पिशवीत ठेवले आणि तिन्ही पोरांना एकदम कवेत घेतलं.

मामाने आधी फाळका पाहिला, मग आपल्या चपला पाहिल्या. "लेकरांनो, मी टायर बघत बसलो आन् तुम्ही गाडी बघितली. चुकलं माझं. शाबास!"

पुढच्या आठवड्यात नवा स्टार्टर बसल्यावर सगळे पुन्हा आले. या वेळी नंदाबाईने आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे, आधीच कुणी चालू करून ठेवलेलं नाही, याची खात्री केली. एका चावीत गाडी सुरू झाली, तेव्हाच पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मिरचीची पोती लादून पिकअप बाजारात पोचली. नंदाबाईने ती गर्दीतून अलगद मागे घेत बरोबर वजनकाट्यापाशी लावली. हमालाने पहिलं पोतं उतरवलं, मिरची हातात घेऊन मोडून पाहिली. कट्कन मोडली!

"ताजी हाय की! ताई, माझ्या बहिणीची मिरची उद्या आणाल का? तिच्याकडं कुणी गाडी न्हाई धाडत."

नंदाबाईने मागे बसलेल्या टोळीकडे पाहिलं. "काय रे, घ्यायची का?"

"घ्यायची!" तिघंही ओरडली.