तिसरा ठोका

"सांगितलं तर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," बेर्तालान म्हणाला आणि सवयीप्रमाणे आधी पेला भरून घेतला.

हंगेरीतल्या तोकाई गावच्या त्या वाइनच्या तळघरात दुपारची मंडळी मोठ्या पिंपाला टेकून बसली होती. पिंपाला ठोकलेल्या फळीवर पेले होते आणि शाळेतल्या ओर्शोयाबाईंना भिंतीच्या कोनाड्यात सापडलेली वस्तू. वीतभर लोखंडी दांडी, एका टोकाला कातड्यात शिवलेला शिशाचा गोळा, दुसऱ्याला चामड्याचा फास. गावच्या संग्रहालयात ठेवायची होती. पण खाली चिठ्ठीवर लिहायचं काय?

"मांस कुटायचं असेल," एकजण म्हणाला.

"छे, सासूला झोपवायचं," दुसरा.

सगळे हसले. एतेल्का हसली नाही. ती बेर्तालानच्या धाकट्या भावाची, देनेशची विधवा. अकरा वर्षांपूर्वी देनेश याच पिंपात घासायला शिरला आणि आंबलेल्या रसाच्या वाफेने आतच गुदमरला. माणूस मेलेलं पिंप पुन्हा भरत नाहीत. तेव्हापासून ते रिकामंच. पिंप घासताना आतला माणूस बाहेरच्याला ठोके देतो: एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे घासणी द्या, तीन म्हणजे ओढा बाहेर. त्या दिवशी पिंपाच्या दाराशी बेर्तालान होता. देनेशने एकच ठोका दिला, असं त्याने पाद्र्यासमोर शपथेवर सांगितलं. एतेल्काने ते मानलं. न मानून त्याच घरात राहायचं कसं?

"हे ठोक्याचं हत्यार," बेर्तालान म्हणाला. "खापरपणजोबाच्या काळात मनगटात अडकवून आत शिरायचे, बोटं सोलू नयेत म्हणून. पण खरी मजा पुढेच. काल मी हे या पिंपात टाकलं आणि दार लावलं. तर आतून ठोका!"

"उंदीर असेल, म्हातारबा."

"उंदीर मोजून ठोकतो काय रे? आधी एक. मग दोन." त्याने आवाज खाली आणला. "मग तीन. दोन लागोपाठ आणि तिसरा रेंगाळत, हातातला जीव गेल्यासारखा. अगदी त्या दिवशीसारखा."

कुणी पेला उचलला नाही.

"कोणत्या दिवशी, भावजी?" एतेल्काने विचारलं.

"अगं, गोष्ट आहे. रंगवावी लागते."

"एकच ठोका, म्हणाला होतात तुम्ही. खोटं बोललात." तिचा आवाज चढला नाही. "बुडापेस्टचे पाहुणे होते त्या दिवशी. त्यांनाही अशीच गोष्ट सांगत होतात. ती संपवूनच उठलात ना?"

बेर्तालानने आपला पेला फळीवर ठेवला.

हत्यार ओर्शोयाबाईंनी केव्हाच उचलून मांडीवर घेतलं होतं. तरी पिंपाला आतून धक्का बसल्यासारखी फळीवरच्या पेल्यांतली वाइन थरथरली.

पुन्हा थरथरली.

तिसऱ्याची वाट न पाहता एतेल्का उठली आणि पिंपाच्या दाराची खीळ काढू लागली.