आईची सही जुळली नाही

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण 'मस्त रचलीस रे' असं खाली कमेंटमध्ये लिहू नका. रचायचंच असतं तर मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

तारीख ११ मार्च २०२५. मंगळवार. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. ठिकाण मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना. माझं राहतं घर.

हो, दुपारच. बाहेर लख्ख ऊन. समोरच्या घरी कुणीतरी पालापाचोळा उडवायचा लीफ ब्लोअर घरघर चालवत होतं.

मी वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होतो. निधी, म्हणजे माझी बायको, कामावर गेलेली. इशिता, आमची मुलगी, शाळेत. घरात मी एकटा.

लीफ ब्लोअर बंद झाला.

आणि शेजारच्या गेस्ट रूममधून आवाज आला...

पेनचा. टेबलावर एकच कागद ठेवून दाबून लिहिलं की येतो ना, तसा.

खर्र... खर्र... मग एक लांब रेघ... आणि टक, टक.

मी कॉल म्यूट केला. कारण ती लांब रेघ आणि ती दोन टिंबं मी ओळखत होतो. माझ्या आईची सही तशीच संपायची.

आईला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

आता मागचं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी आई, वसुधा मोहिते. कराडच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. पुस्तकात न बघता फळ्यावर युरोपचा नकाशा काढायची. भूमध्य समुद्र तिचा सगळ्यात लाडका. मार्सेय, जिनोआ, नेपल्स, पालेर्मो... बाकीच्या बायका नातेवाइकांची नावं घेतात तशी ती बंदरांची नावं घ्यायची. आणि आयुष्यात तिने समुद्र पाहिला तो फक्त गणपतीपुळ्याचा.

२०२३ च्या मे महिन्यात ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. त्याच सप्टेंबरसाठी आम्ही क्रूझ ठरवली. बार्सिलोनाहून निघायचं, मार्सेय, जिनोआ, रोम, नेपल्स, पालेर्मो आणि शेवटी माल्टा. आमचे मित्र परीक्षित आणि राधिका बरोबर होते. आईला सांगितलं तर तिने आधी सगळी बंदरं बोटांवर मोजली. मग म्हणाली, "देवा, खरंच नेपल्सला थांबतं का रे ते जहाज?"

माझं नाव देवदत्त. मला देवा म्हणणारी तीच एक होती.

आमच्या घरात कागदपत्रं माझ्याकडे. व्हिसासाठी तिने फार्मसीत जाऊन फोटो काढला (इथे तो औषधांच्या दुकानातच काढतात), चांगली साडी नेसून. फॉर्मवर सही केली, नेहमीप्रमाणे मराठीत. नाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

तो फॉर्म मी पाठवलाच नाही.

इथे व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाला युरोपचा व्हिसा मिळणं अवघड असतं, हे खरं आहे. पण अवघड असणं वेगळं आणि अर्जच न करणं वेगळं. मी अर्जच केला नाही.

का?

जूनमध्ये आम्ही सगळे, परीक्षित-राधिकासकट, ॲशव्हिलला फिरायला गेलो होतो. रेस्टॉरंटमध्ये आईने पर्समधून ठेच्याची डबी काढली. वेटरला गाव विचारलं, तो ग्रीसचा निघाला, तर त्याला त्याच्याच देशाची बंदरं पाठ म्हणून दाखवली. सगळ्यांसमोर, मोठ्याने. परीक्षितने राधिकाकडे बघितलं आणि हसला.

बस्स, एवढंच. ते हसू मला लागलं. जहाजावर सात दिवस असं चालणार, या विचाराने मला कसंतरीच झालं. मला आईची लाज वाटली हो. लिहिलं शेवटी.

मी तिला सांगितलं, "आई, व्हिसा रिजेक्ट झाला."

"अगं बाई! का रे?"

कारण काय सांगावं, सुचेना. तोंडाला आलं ते बोललो. "पासपोर्टवरची सही आणि फॉर्मवरची सही जुळली नाही म्हणे."

मला वाटलं, चिडेल. चार शिव्या घालेल त्या व्हिसावाल्यांना.

ती म्हणाली, "माझंच चुकलं. हात थरथरतो रे आताशा. तुमचा सगळ्यांचा विरस केला मी."

मग तिनेच मार्ग काढला. इशिताची शाळा बुडायला नको, तिला माझ्यापाशी ठेवा, तुम्ही दोघं जाऊन या. निधी तर तिच्या गळ्यातच पडली. जाताना गमतीत म्हणाली, "आई, नेक्स्ट टाइम सही नीट करा हं!" निधीला काही माहीत नव्हतं. तीही मला विश्वासाने विचारायची आणि मी तिलाही तेच सांगितलं होतं.

जनाची नाही, निदान मनाची तरी असावी. मला तीही नव्हती.

क्रूझ छान झाली. खोटं कशाला बोलू. सकाळी डेकवर कॉफी घेऊन बसायचं आणि समोर हळूहळू एकेक गाव वर येताना बघायचं. मार्सेय बंदराच्या तोंडावरचे जुने किल्ले, जिनोआचा दीपस्तंभ. घाई कसलीच नाही.

नेपल्सला आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे पहाट होती.

"देवा, फोन फिरव बघू. हां... तो बघ, तो दोन शेंड्यांचा ज्वालामुखी. व्हेसुव्हियस! आहे की नाही अगदी तस्साच?" तिचे डोळे भरले होते. "चला, तू बघितलास म्हणजे मीच बघितला."

परीक्षित शेजारीच उभा होता. कॉल संपल्यावर म्हणाला, "काकू हव्या होत्या यार. ॲशव्हिलला काय धमाल केली होती त्यांनी! राधिका अजून त्या वेटरची आठवण काढते."

म्हणजे ते हसू... ते कौतुकाचं होतं.

मी त्या दिवशी जेवलो नाही. निधीला सांगितलं, बोट लागली.

परत आल्यावर इशिता म्हणाली, "डॅड, आजी रोज लंचनंतर सही प्रॅक्टिस करते." गेस्ट रूममध्ये इशिताची एक जुनी वही होती. शंभर पानं. प्रत्येक पानावर सह्याच सह्या. पहिल्या वाकड्या, शेवटच्या जवळजवळ सरळ.

तेव्हा सांगायला हवं होतं. ती नोव्हेंबरमध्ये कराडला परत जाईपर्यंत माझ्याकडे सहा आठवडे होते. मी काय केलं? ती गेल्यावर वही रिसायकलिंगमध्ये टाकली.

पुढच्या ऑगस्टमध्ये आई गेली. अर्धांगवायूचा झटका. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. बहीण म्हणाली, "शेवटी तुझंच नाव घेत होती. म्हणत होती, देवाला सांग, आता जमेल."

काय जमेल, ते बहिणीला कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

तर... ११ मार्च.

मी गेस्ट रूमचं दार उघडलं. आत कुणीच नाही. कागद नाही, पेन नाही. फक्त टेबलाखालची खुर्ची बाहेर ओढलेली होती. मी ती आत सारली आणि कॉलवर परत आलो.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी परत...

खर्र... खर्र... टक, टक.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तर खुर्ची बाहेर.

निधीला बोललो नाही. काय बोलणार? खाई त्याला खवखवे. शिवाय त्याच आठवड्यात तिने नवीन क्रूझ काढली होती. या वेळी ग्रीसची बेटं, जून महिना. तिला वाटत होतं, आई गेल्यापासून मी मिटून गेलोय, जरा बाहेर पडलो तर बरं वाटेल.

शनिवारी मी व्हिसाचे फॉर्म प्रिंट केले. इशिता इथे जन्मलेली, तिला व्हिसा लागत नाही. म्हणजे दोनच फॉर्म. एक माझा, एक निधीचा.

प्रिंटर थांबला. मी कागद उचलले.

मग प्रिंटर परत चालू झाला...

तिसरा फॉर्म बाहेर आला. पूर्ण कोरा. पण सहीच्या चौकटीत सही होती. मराठीत. खाली रेघ, दोन टिंबं.

मी बोट फिरवलं. शाई ओली होती. बोटाला निळी लागली.

आमच्या प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई आहे.

मी तो कागद फाडला. बारीक तुकडे करून कॉफीच्या चोथ्यात कोंबला. आईची सही दुसऱ्यांदा कचऱ्यात टाकली मी.

३ एप्रिलला वॉशिंग्टनच्या व्हिसा सेंटरमध्ये आमची अपॉइंटमेंट होती. पहाटे निघून साडेचार तास ड्राइव्ह केलं. दारातल्या सिक्युरिटीवाल्याने रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, सही.

निधीने आधी पेन घेतलं. आणि थांबली.

"देव... हे काय आहे?"

आमच्या वरच्या ओळीत सही होती. त्या पानावरची एकमेव मराठी सही. इतकी सरळ, इतकी घोटीव, की एकदाही हात थरथरला नसेल. वेळ लिहिली होती, आमच्या पाच मिनिटं आधीची.

"ही आईंची सही आहे," निधी म्हणाली. ती विचारत नव्हती.

सिक्युरिटीवाला सहज बोलला, "तुमच्याच ना त्या? आत बसल्यात. म्हणाल्या, मुलगा येतोय मागून."

आम्ही आत गेलो.

हॉल गच्च भरला होता. माणसं भिंतीला टेकून उभी होती, एक बाई कडेवर बाळ घेऊन ताटकळत होती. आणि पहिल्या रांगेत, काउंटरच्या अगदी समोर, एक खुर्ची रिकामी होती.

तिथे कुणी बसत नव्हतं. कुणी बघतही नव्हतं तिकडे.

आमचा नंबर पुकारला. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन बघितला. "तीन अर्ज ना?"

मी म्हणालो, "दोन."

ती आमच्या मागे बघत राहिली. मग जरा गोंधळून म्हणाली, "सॉरी. दोनच."

मला तिथे उभं राहवेना. फाइल घेऊन मी बाहेर आलो. निधी मागोमाग. पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटला हात टेकून, मी तिला सगळं सांगितलं. ॲशव्हिल, फॉर्म, खोटं, वही, प्रिंटर. सगळं.

निधीने फाइल माझ्या हातातून काढून घेतली.

"मी त्यांना म्हणाले होते, नेक्स्ट टाइम सही नीट करा," ती म्हणाली. "हसत हसत म्हणाले होते, देव. आणि त्या 'हो गं' म्हणाल्या होत्या."

"निधी..."

"एक शब्द बोलू नकोस. शी! मला तुझ्याशेजारी बसायचीसुद्धा लाज वाटते."

साडेचार तास ती मागच्या सीटवर बसून आली. क्रूझ कॅन्सल केली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी गेस्ट रूममध्ये जाऊन बसलो. दोन वाजून दहा मिनिटं झाली. समोर रिकामं टेबल. आणि त्या रिकाम्या टेबलावर आवाज सुरू झाला... माझ्यापासून हातभर अंतरावर.

मी मोठ्याने म्हणालो, "आई, तुझी सही बरोबर होती. व्हिसा रिजेक्ट झाला नव्हता. मी अर्जच केला नव्हता. मी खोटं बोललो. मला तुझी लाज वाटली होती गं."

आवाज थांबला.

एकदम शांत. मी रडत होतो. मला वाटलं, झालं, सुटली बिचारी.

मग...

खर्र...

परत सुरू झालं. आधीपेक्षा सावकाश. एकेक अक्षर जपून काढल्यासारखं.

मी रोज सांगतो. हात जोडून सांगितलं. निधीने सांगितलं. बहिणीकडून फोनवर सांगवलं, त्यापायी तीही आता माझ्याशी बोलत नाही. काही उपयोग नाही. दर वेळी आवाज थांबतो, ऐकून घेतल्यासारखा, आणि परत चालू.

परवा इशिता शाळेतून लवकर आली होती. मी गेस्ट रूमच्या बाहेर जमिनीवर बसलो होतो. ती माझ्याजवळ बसली, थोडा वेळ ऐकलं आणि इंग्लिशमध्ये जे म्हणाली, त्याचा अर्थ असा...

"डॅड, आजीला ते खरं वाटत नाहीये. तिला वाटतं, तिला वाईट वाटू नये म्हणून तू असं म्हणतोयस."

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

ती उठून निघून गेली.

म्हणून आज हे इथे लिहितोय, नावागावासकट. घरातल्यांचं तिला पटत नसेल, तर चारचौघांत सांगून बघू म्हटलं. वसुधा मोहितेंच्या मुलाने त्यांना फसवलं. त्यांच्या सहीत काहीही चूक नव्हती.

आत्ता दोन वाजून तेवीस मिनिटं झालीत. लिहिलेलं सगळं मी गेस्ट रूमच्या भिंतीकडे तोंड करून मोठ्याने वाचून दाखवलं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं.

आणि भिंतीपलीकडे वहीचं नवीन पान उलटलं.