उंबऱ्यातले ठिपके

जपानमधल्या त्सुकुबात जुनं लाकडी घर घेऊ नका, असं ऑफिसातल्या मोरी-साननी बजावलं होतं. उदयने नेमकं तेच घेतलं. संशोधक माणूस, त्यातून लाकडावरच काम करणारा; त्याला कोण शिकवणार? आता दर शनिवारी तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाहेरून घर ठोकत फिरायचा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर सुट्टी गेली.

त्या शनिवारी पुढच्या दाराचा उंबरा बद्द वाजला. टोक लावलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. मागच्या वर्षी त्याची आई, कुमुदिनीबाई, सहा महिने राहून गेली. रोज सकाळी उंबऱ्यावर तांब्याभर पाणी, मग ठिपक्यांची रांगोळी. "आई, हे लाकूड आहे, शहाबादी फरशी नाही. बंद कर ते," तो एकदा वैतागून म्हणाला. तिने बंद केलं. बोलणंही जवळपास बंदच केलं. पुण्याला परतल्यावर पंधरा दिवसांत तिला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. त्या बाजूला उरली एकच हालचाल: रोज सकाळी उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, चिमूट सोडल्यासारखी. डॉक्टरांची सगळी आशा त्या दोन बोटांवर होती. उदयचीही.

त्याने पटाशीने वरचा थर काढला. आत पांढरी बुरशी होती. ठिपके ठिपके, सात ओळी, ओळीत सात. बुरशी वाट्टेल तशी पसरते, ओळी धरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण विचार करायलाही त्याच्यात त्राण नव्हतं. अकराच्या सुमारास करवत लावून त्याने सडका भाग कापला, बुरशीचं औषध लावलं, हिनोकीच्या लाकडाचा कोरा तुकडा बसवला.

दुपारी आईला सांभाळणाऱ्या शैलजाताईंचा फोन आला. "दादा, आईंची बोटं थांबलीत हो. साडेसातपर्यंत हलत होती."

तिथले साडेसात म्हणजे इथले अकरा. हे त्याने बायकोला, विद्याला, सांगितलं नाही.

तीन आठवडे बोटं हलली नाहीत. डॉक्टर आशेचा विषय काढेनासे झाले.

चौथ्या शनिवारी नवा तुकडा एका जागी बद्द वाजला. पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. पटाशीने जरासं खरवडलं, तर आत एकच पांढरा ठिपका. तेवढ्यात शैलजाताईंचा मेसेज आला: अंगठा किंचित हलला.

"आत्ताच काढून टाक बाबा. घरात शिरेल नाहीतर," विद्या म्हणाली.

उदयने पटाशी खाली ठेवली. आतून तांब्या भरून आणला आणि उंबऱ्यावर ओतला. 

मग तो रोजच ओतू लागला. ठिपके सात झाले, एकवीस झाले, दाराच्या आतल्या अंगाला आले. तो ते ओलांडून कामाला जायचा. पार थकला होता, पण पुण्याहून बातम्या चांगल्या येत होत्या. आईला वैतागून बोललेलं आपलं ते एक वाक्य आता पुसलं जाईल, या विचाराने त्याला रडू यायचं.

एका रविवारी एकोणपन्नासावा ठिपका दिसला. तांब्या हातात असतानाच फोन वाजला.

"दादा, आज सगळा हात उचलला आईंनी," शैलजाताई म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "फक्त बोटं दाबली ना, की भिजलेल्या बिस्किटासारखी आत जातात. आणि परत वर येत नाहीत."