पाच नंबर घेतलेला आहे

खोटं सांगायचं माझं वय राहिलेलं नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. आणि तेही रात्री नाही...

भर दुपारी.

आमचे हे जाऊन वर्ष होत आलं होतं. अंथरुणावर असताना म्हणाले होते, "त्या जुन्या मशीनमध्ये तुझ्यासाठी माझा आवाज भरून ठेवलाय. कधीतरी ऐक."

इतके दिवस धीर झाला नाही. त्या दुपारी धाकट्या बहिणीला सोबतीला बोलावलं. मशीन उघडून आवाजाचं कार्ड बसवलं.

मशीन जागच्या जागी अडलं.

त्या काळी प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर लागायचा. पिनांवरची इवलीशी टोपी हलवून तो ठरवायचा. दोन कार्डांनी एकच नंबर धरला, की मशीन मान टाकायचं.

बहीण हसली. "म्हणजे दोन सवती एका घरात!"

"गप गं. पाच नंबर आवाजाचा. यांनी तो कधी दुसऱ्या कुणाला दिला नाही."

आमची रीत ठरलेली. सगळी कार्डं काढायची, मग एकेक परत लावायचं. जिथं अडेल, तो चोर.

पडद्याचं आणि डिस्कचं कार्ड तेवढं ठेवलं. त्यांचे नंबर वेगळे. आवाजाचं कार्ड माझ्या हातात होतं. तपासणीचा प्रोग्रॅम लावला.

पाचवर कुणीच नव्हतं.

तरी पडद्यावर उमटलं... पाच नंबर घेतलेला आहे.

पुन्हा लावला. तेच.

"ताई, बंद कर ना ते." बहिणीचं हसू मावळलं होतं.

"यांचा आवाज ऐकल्याशिवाय मी उठणार नाही."

तेवढ्यात मशीनचा पंखा थांबला. दिवा मात्र चालूच.

मग स्पीकरमध्ये खरखर झाली...

स्पीकरच्या वायरी टेबलाखाली लोंबत होत्या. कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

आधी घसा खाकरला. हेच! माझे डोळे भरून आले.

"ती गेली का?"

मला कळेना. कोण ती?

उत्तर माझ्या शेजारून आलं. हळूच. सवयीनं दिल्यासारखं...

"नाही अजून. इथंच आहे."

बहिणीनं झटकन तोंडावर हात दाबला.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली फरशीकडे बघत होती. पर्स उचलून गेली, ती पुन्हा माझ्या दारात आली नाही.

पंखा परत फिरू लागला. कार्ड मी इतकं घट्ट धरलं होतं, की त्याच्या कडा तळहातात रुतल्या होत्या.

नंतर सगळं मशीन धुंडाळलं. माझ्यासाठी भरून ठेवलेलं... काहीच नव्हतं.

मग तो आवाज आला कुठून?

ते मशीन आज माझ्या खोलीत आहे. वायर काढलेली, वर चादर घातलेली.

दुपारी घर शांत झालं, की मी अजून मुद्दाम मोठ्यानं खोकते.

मी गेलेली नाही, हे कळावं म्हणून.