कोच, समोर उभ्या राहू नका

"तोंड उघडा!"

अनोळखी माणसाने पहिल्या भेटीत काय बोलावं याचे काही संकेत असतात. हे वाक्य त्यांत कुठेच बसत नव्हतं. पण समोरचा माणूस इतका घाबरलेला होता, की तिने मुकाट्याने तोंड उघडलं.

घडलं होतं एवढंच... गोल्फच्या सराव मैदानाच्या कडेने, बारीक पावसात, छत्री सावरत ती निघाली होती. नोकरीचा पहिला दिवस. कुठूनसा एक चेंडू आला, दिव्याच्या खांबावर आपटला आणि तिच्या छत्रीत घुसला. छत्रीची काडी ओठावर बसली. पाठोपाठ हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, घेतलेला हा उंच, भिजलेला माणूस धावत आला.

"दात शाबूत आहेत," त्याने सुस्कारा सोडला. "वरचे ठीक, खालचे ठीक... अरे, ही उजवीकडची दाढ मात्र—"

तिने खाडकन तोंड मिटलं.

"ती तुमच्या चेंडूने बिघडलेली नाही. तुम्ही कोण?"

"रस्त्यापलीकडे माझा दवाखाना आहे. दातांचा." तो ओशाळून हसला. "आणि तुम्ही?"

"मी इथली नवी कोच."

त्याने हातातला क्लब हळूच पाठीमागे लपवला.

दातांच्या डॉक्टरची तिला लहानपणापासून धास्ती. त्या दाढेपायी कित्येक दिवस ती डाव्या बाजूनेच चावत होती, आणि हे गुपित एका माणसाने अर्ध्या मिनिटात ओळखावं, याचा तिला राग आला. पण त्याची ओली पापणी दिवसभर डोळ्यांसमोरून हलेना, याचा राग त्याहून जास्त आला.

त्या मैदानाची एक रीत होती. तिला सगळे 'दाखवणी' म्हणत. नव्या कोचला सगळ्यांत कच्चा विद्यार्थी द्यायचा. हंगाम संपताना त्याने सभासदांसमोर पाच चेंडू मारायचे. दूरच्या दोन पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये तीन पडले, तर कोचची नोकरी कायम. नाही पडले, तर नमस्कार.

"आणि सध्याचा सगळ्यांत कच्चा कोण?" तिने मॅनेजरना विचारलं.

मॅनेजरनी खिडकीतून पेनाने दाखवलं. तिथे तो उंच माणूस टॉवेलने डोकं पुसत होता.

"दातवाले डॉक्टर. थोरल्या बहिणीने वाढदिवसाला सभासदत्व घेऊन दिलंय, म्हणून त्यांना सोडता येत नाही. आणि मारतात असे, की आम्हाला बघवत नाही."

घरी आई वाटच बघत होती. "गोल्फ शिकवायची ही काय नोकरी झाली? तिथे जमलं नाही, तर मामाच्या फरशीच्या दुकानात बसायचं हं, ठरलंय आपलं." मामाचं दुकान तिला स्वप्नात दिसायचं, आणि स्वप्नात फरशा संपायच्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. ती त्याच्या समोर, चार हात लांब, हाताची घडी घालून उभी राहिली. कोचने तसंच उभं राहायचं असतं. विद्यार्थ्याची पकड, कंबर, खांदे, सगळं तिथून दिसतं.

"मारा."

चेंडू सरळ निघाला, अर्ध्या वाटेत त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि तो उजवीकडे वळून थेट कुंपणात गेला.

"पकड फार घट्ट आहे," ती म्हणाली. "बोटं पांढरी पडलीत बघा. दाढ उपटायची नाहीये."

"मग कशी धरू?"

तिने विचार केला. "रस्ता ओलांडताना दुसऱ्याच्या मुलाचा हात धरतो ना आपण, तसा. त्याला दुखू नये. आणि निसटूही नये."

तो क्लबकडे बघत राहिला. "हे छान सांगितलंत," तो हळू आवाजात म्हणाला. पुढचा चेंडूही कुंपणात गेला.

तिने हार मानली नाही. तो क्लब वर नेताना कंबरेसकट उजवीकडे झुलायचा, म्हणून तिने त्याच्या उजव्या पायाला लागून एक काठी जमिनीत खोचली. कंबर काठीला टेकली की चूक. खाली येताना खांदा आधी पुढे धावायचा, त्याने क्लब बाहेरून तिरका यायचा आणि चेंडूला फिरकी बसायची. म्हणून तिने चेंडूच्या पलीकडे एक रिकामी टोपली ठेवली, क्लब बाहेरून आला की टोपलीवर आदळेल अशी. काखेत रुमाल दाबायला लावला. तो पडायचा. टोपल्या फुटायच्या. चेंडू देणाऱ्या खिडकीतल्या मावशी ओरडायच्या, "अगं बाई, त्याला चेंडूऐवजी टोपल्याच मारायला दे, अचूक मारतो तो!"

"आणि मान वर करू नका," ती रोज सांगायची. "चेंडू कुठे गेला ते बघायची एवढी घाई का?"

"काळजी वाटते हो, कोच."

"चेंडू गेला की गेला. बघून तो परत येतो का?"

"पेशंटना मीही हेच सांगतो... आरशात सारखं बघू नका म्हणून." मग जरा थांबून, "तुम्ही डाव्या बाजूनेच चावता अजून. मघाशी बिस्किट खाताना बघितलं."

"तुम्ही चेंडूकडे बघा!"

"तेच तर जमत नाही," तो म्हणाला, आणि एकदम लाल होऊन टोपली उचलायला वाकला.

ती रात्री अंथरुणात त्याचा स्विंग, क्लब फिरवायची ढब, आठवायची. मनगट? गुडघे? काय चुकतंय? प्रत्येक उपाय दोन-चार चेंडू टिकायचा, मग जुनं दुखणं परत. आणि दाखवणी तर तोंडावर आलेली. स्विंग आठवता आठवता त्याची बोटं आठवायची, भिजलेली पापणी आठवायची, आणि मग तिला झोप यायची नाही. दाढही ठणकायची. यांतलं नेमकं काय ठणकतंय, हे तिला काही केल्या सांगता आलं नसतं.

एका सकाळी तिची स्कूटर पंक्चर झाली. उशीर झाला म्हणून ती मागच्या फाटकाने शिरली. इकडून मारणाऱ्यांच्या फक्त पाठी दिसायच्या. चालता चालता ती थबकली. चेंडू मारायच्या शेवटच्या चटईवर कोणीतरी सुरेख मारत होतं. कंबर जागच्या जागी वळत होती. खांदा थांबत होता. मान खाली. चेंडू सरळ जाऊन दोन झेंड्यांच्या मध्ये पडला. पुन्हा तसाच. पुन्हा तसाच.

कोण हा नवा? असा एखादा विद्यार्थी मिळाला असता तर...

त्या माणसाने घाम पुसायला मान वळवली. तो डॉक्टर होता.

ती तशीच भिंतीआड उभी राहून बघत राहिली. त्याच्या स्विंगमध्ये एकही दोष उरला नव्हता. काठी, टोपली, रुमाल, सगळं अंगात मुरलं होतं. मग ती मुद्दाम आवाज करत पुढे गेली, समोर चार हातांवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मारा."

चेंडू कुंपणात.

तिला कळलं. इतके दिवस ती दोष शोधत होती मनगटात आणि कंबरेत. आणि दोष समोरच उभा होता, हाताची घडी घालून.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर, गालांवर चढण्याइतका. पण पाठोपाठ भीती आली. दाखवणीला कोचने समोर उभं राहायचं, ही रीत, सक्तीची नसली तरी. ती उभी राहिली, तर चेंडू कुंपणात आणि ती मामाच्या दुकानात. आणि हे त्याला सांगायचं कसं? 'डॉक्टर, तुम्ही माझ्यामुळे चुकता'... आणि समजा, ते तसं नसलंच तर? समजा, तो नुसता तिला घाबरतच असेल तर?

दाखवणीच्या आदल्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "उद्या मी समोर नसेन."

त्याचा चेहरा उतरला. "का? माझ्याकडून काही..."

"माझं... जरा काम आहे. तुम्ही मारा. तुम्हाला येतं."

"कोच, तुमची नोकरी आहे यावर. मावशींनी सांगितलं मला." तो थांबला. "तुम्ही आशा सोडलीत का माझी?"

"नाही हो!" तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. पुढचं वाक्य जुळवेपर्यंत तो क्लब पुसत निघून गेला.

दाखवणीला खुर्च्या भरल्या. ती मावशींच्या खिडकीमागे, टोपल्यांच्या ढिगाआड उभी राहिली. बाहेर पावसाची भुरभुर होती. डॉक्टर पहिल्या चटईवर आला. त्याने समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग खुर्च्यांकडे.

पहिला चेंडू. क्लब खाली यायच्या आतच त्याची मान वर. चेंडू उजवीकडे, कुंपणात.

"अरे देवा," मावशी म्हणाल्या. "मान का वर करतोय हा?"

दुसरा चेंडू. पुन्हा मान वर, पुन्हा कुंपण. खुर्च्यांत कुजबुज. मॅनेजरनी घड्याळात पाहिलं.

"शोधतोय तो कोणालातरी," मावशी तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "आता तीनही आत पडायला हवेत. तू इथे टोपल्या मोजत बसणार आहेस का?"

समोर असली तरी चुकत होता, नसली तरी चुकत होता. मग दोष तिच्या उभं राहण्यात नव्हताच... एक प्रश्न दोघांत अर्धवट लटकत होता, आणि त्याच्या मुठी त्या प्रश्नाला धरून पांढऱ्या पडत होत्या. तिच्याही.

ती बाहेर आली. सगळ्यांसमोरून चालत चटईपाशी गेली.

"सूचना देता येणार नाहीत!" मॅनेजर ओरडले.

"स्विंगबद्दल बोलत नाहीये, साहेब. दाढेबद्दल बोलायचंय."

खुर्च्यांत हशा पिकला. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला.

"हे झाल्यावर माझी दाढ बघाल?" ती हळू म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल अशी. "मला दातांच्या डॉक्टरची फार भीती वाटते. पण तुमच्या खुर्चीत बसेन. तुम्ही एकटे मारत होता, तेव्हा मागच्या फाटकाकडून मी बघितलंय तुम्हाला. एकही चेंडू चुकत नाही. मी समोर आले की चुकता. का, ते मला कळलंय... असं वाटतंय. आणि कळलंय ते खरं असेल, तर मला आवडेल."

पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर साठले होते. तो काहीतरी बोलणार होता.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "आधी मारा. मी इथेच आहे. कुठेही जात नाही."

ती चार हात लांब जाऊन उभी राहिली. या वेळी हाताची घडी घातली नाही, हात कुठे ठेवावेत ते कळेना.

त्याने क्लब धरला. बोटांत रंग परतला होता. तिसरा चेंडू झेंड्यांच्या बरोबर मधोमध पडला. चौथा त्याच्या थोडा अलीकडे, पण आत. खुर्च्यांतली कुजबुज थांबली. मॅनेजर उठून उभे राहिले.

पाचवा चेंडू मात्र त्याने फार जपून ठेवला. त्याने क्लब वर नेला, क्षणभर थांबला, आणि खाली आणला. चेंडू उंच गेला. वर जाऊन किंचित उजवीकडे झुकला... चेंडू झेंड्याच्या रोखाने घसरत चालला...

तो अजून खालीच बघत होता. चेंडू होता त्या जागी.

"कुठे गेला?" त्याने मान न उचलता विचारलं.

"बघा की."

"नाही. घाई करायची नाही, असं माझ्या कोचने सांगितलंय. तुम्हीच सांगा."

दूर, ओल्या गवतावर, उजव्या झेंड्याच्या अगदी बुडाशी, आतल्या बाजूला एक पांढरा ठिपका थांबला.

"आत," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "आत आहे, डॉक्टर."

मग टाळ्या झाल्या, मॅनेजरनी तिचा हात हलवला, आणि मावशींनी फुटलेल्या टोपल्यांचा हिशोब माफ झाल्याचं खिडकीतूनच जाहीर केलं. ती आणि तो फाटकाबाहेर पडले. रस्त्यापलीकडे त्याच्या दवाखान्याची पाटी दिसत होती, आणि ती पाटी बघून तिला दाढ पुन्हा आठवली.

"दुखेल का?" तिने विचारलं.

"पेशंटना मी सांगतो, अजिबात दुखणार नाही."

"आणि मला?"

"थोडं दुखेल," तो म्हणाला. "तुमच्याशी खोटं बोलायला जमायचं नाही मला. पण मी थांबत थांबत करेन. आणि तुम्हाला कळलंय ना, ते खरं आहे. पहिल्या दिवसापासून."

छत्री एकच होती, तीही भोकाची, तीच पहिल्या दिवसाची. समोरून गाड्या येत होत्या. त्याने तिचा हात हातात घेतला... अगदी शिकवल्यासारखा, दुखू नये असा, निसटू नये असा.

रस्त्याच्या मध्यावर ती म्हणाली, "पकडीत एक दोष आहे."

तो घाबरून थांबला. "काय झालं?"

"जरा घट्ट धरा," ती म्हणाली. "मी काही दुसऱ्याचं मूल नाहीये."