आठ थाऊची फट

तात्यासाहेबांचा ट्रॅक्टर माझ्या गॅरेजला आला तो दुसऱ्याच्या ट्रॉलीवर लादून, दोरखंडानं बांधून. शेंद्र्याच्या अलीकडं जालना रोडला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. समोर कंपन्यांच्या बसा थांबतात. ट्रॅक्टर बाहत्तरचं मॉडेल, लाल रंग उडालेला, सीटच्या फोममध्ये कोंबडीनं घातलेली दोन अंडी. नातवाचं लग्न होतं. नवरदेव लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, तो परण्या आजोबांच्या ट्रॅक्टरवरूनच काढायचा, अशी घरात हौस निघाली होती.

"इंजन, गिअर, समदं नीट कर. नवा दिसला पायजे," तात्यासाहेब म्हणाले. "तुझ्या बापानंच शेवटचा खोलला व्हता की."

माझाच चहा पीत, माझ्याच स्टुलावर बसून हे मला सांगत होते.

हो, दादांनीच खोलला होता. सत्त्याऐंशी साली, पेरणीच्या तोंडावर. नवव्या दिवशी मारुतीच्या चढावर ट्रॅक्टर मागं आला आणि पुंजाराम ड्रायव्हर चाकाखाली गेला. चावडीवर तात्यासाहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "गिअर निसटला. बन्सी मिस्त्री शिम घालायला इसरला." झालं. पुंजारामची बायको द्वारकाबाई आमच्या दारात येऊन थुंकली. दादांनी पुन्हा पाना हातात धरला नाही. नऊ वर्षं ओसरीवर बसून राहिले आणि बसल्या जागीच गेले. "ब्रेक लागत नव्हते. आधी ब्रेक करा म्हणलो व्हतो," एवढंच एकदा बोलले, तेही भिंतीकडं तोंड करून.

म्हणून मी ते काम घेतलं. मला आत बघायचं होतं.

शिम म्हणजे कागदासारखी पातळ कडी. ती बेअरिंगच्या मागं घालून दोन गिअरांच्या दातांत किती फट राहावी ते ठरवतात. फट कमी पडली की गिअर तापतो, जास्त झाली की चढावर जोर येताच निसटतो. या गिअरला फट आठ थाऊ, म्हणजे एका इंचाच्या हजार भागांतले आठ. आता पोलादी शिमा पाकिटात मिळतात. दादा पितळी पत्रा कातरून स्वतः बनवायचे आणि प्रत्येकीच्या कडेला कानशीनं एक बारीक खाच मारायचे.

पुंजाराम गेल्यापासून ट्रॅक्टर गोठ्यामागं उभाच होता. आतलं तेल डांबरासारखं झालेलं. झाकण काढून फट मोजायचा डायल गेज लावला, गिअर हातानं मागंपुढं हलवला. काटा आठावर थांबला. मग बेअरिंग उतरवलं. मागं तीन शिमा होत्या. पितळी, खाचेच्या, तिन्हीच्या तिन्ही.

मी रडलो नाही. शिव्या दिल्या. समोरच्या बसमधल्या बाया वळून बघायला लागल्या इतक्या मोठ्यानं.

तात्यासाहेबांना फोन करून बोलावलं आणि शिमा त्यांच्या हातावर ठेवल्या.

"बरं मग?" ते म्हणाले.

"गावात सांगा. जिथं तवा बोलला, तिथंच सांगा."

"लग्नघर हाय, सांडू. नगं ते उकरत बसू नको." त्यांनी शिमा स्टुलावर ठेवून माझ्या चिंधीला हात पुसले. जाता जाता दारात थांबले. "ब्रेक तेवढं बघ. ते तवाबी…"

गाडीत बसून निघून गेले.

म्हणजे ब्रेक लागत नव्हते हे माणसाला ठाऊक होतं. चोवीस वर्षं ठाऊक होतं, आणि हा माणूस दर दिवाळीला दादांच्या ओसरीवरून मान ताठ ठेवून जात होता. मी काय करतोय ते मला नीट कळत होतं. तीनमधली एक शिम मी खिशात घातली. बाकी दोन बसवून बोल्ट आवळले. फट अठरा. तुम्ही म्हणाला होता ना, शिम नव्हती? घ्या, नाही. ब्रेकच्या ड्रमला हात लावला नाही, वरून नुसता रंग मारला. बोल्टांच्या डोक्यांवर पिवळी रेघ ओढली, म्हणजे कुणी हात लावला तर कळावं. कुलूप लावून घरी गेलो.

सकाळी सहज डायल लावला. आठ.

डायल बिघडला म्हणून दुसरा आणला. आठ. पिवळ्या रेघा जशाच्या तशा. बोल्ट सोडले तर आत तीन शिमा, आणि चौथी माझ्या खिशात. मधलीची कड ताजी कातरलेली, अजून तेलही न लागलेली. तिला खाच होती.

मी ती काढली. मोठ्यानं मोजलं: एक, दोन. बंद केलं. काढलेली कपाटात ठेवून किल्ली कमरेला बांधली.

दुसऱ्या सकाळी आठ. आत तीन.

"दादा," मी रिकाम्या शेडमध्ये ओरडलो, "त्यांनी तुमच्या तोंडाला काळं फासलं! आणि तुम्ही त्यांचंच काम नीट करताय?"

वर पत्रा तापून कडकडला. मी पुन्हा काढली.

तिसऱ्या सकाळी डायल लावायलासुद्धा भीती वाटत होती. सीटवर चढलो तर पाय ब्रेकवर पडला. ब्रेक करकचून लागला. ड्रमवरचा माझा रंग कुठंही तडकलेला नव्हता. खाली उतरलो, डायल लावला. आठ.

दुपारी जेवायला घरी गेलो. आई पाट मांडून बसली होती, पण ताट वाढलेलं नव्हतं.

"सांडू, ह्यांचं ताट कुणी कातरलं रं?"

दादांचं पितळी ताट ते गेल्यापासून मांडणीवर उभं असायचं. त्यात कुणी जेवत नसे. आईनं ते पुढं केलं. ताटाच्या बुडाला तीन गोल भोकं होती. कडा कातरीच्या, पॉलिश पेपरनं घासलेल्या. मी बेअरिंगचं माप मनात धरलं. बरोबर होतं. ताटाचा पत्रा शिमेच्या कितीतरी पट जाड. तो एवढा पातळ कसा झाला, मला सांगता येत नाही.

"मला काय म्हाईत," मी म्हणालो.

"उंदीर तर नाय असं कातरत," आई म्हणाली, आणि साध्या ताटलीत भाकरी वाढली. मग तिचं तिचंच बोलत राहिली. "परवा परण्या हाय म्हनं तात्यासाहेबांचा. आख्खी आळी ट्रॅक्टरमागं नाचणार. द्वारकाबाईचा नातूबी चाललाय."

घास माझ्या तोंडात फिरत राहिला. ट्रॅक्टरमागं. पुंजारामचा नातू. ते मला कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं, तरी राग हटायला तयार नव्हता. इतकी वर्षं मुरलेला राग तो. त्याच घासाला मी ठरवलं: आता रात्र मधे येऊच द्यायची नाही. परवा, ट्रॅक्टर दाराबाहेर काढताना, शेवटच्या क्षणी शिम काढायची. मग दादांना वेळच उरणार नाही.

हे मी कुणाला बोललो नाही. आई तव्याकडं वळली होती.

भाकरी संपवून मी ताट उचललं, उजेडाला धरलं. तीन भोकांच्या शेजारी, मोकळ्या जागेत, अणकुचीदार खिळ्यानं चौथा गोल आखलेला होता. कातर लागायची होती, पण कडेची खाच मारून झाली होती.

मी खाचेवर बोट ठेवलं. पितळेचा कीस बोटाला चिकटला. तो अजून गरम होता.